मागे फिरण्याचं कलम

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
समितीच्या खोलीत रेडिएटर खोकतोय
आणि माझ्यापुढे करार:
अकरा कलमं,
सहा भाषांत सारखाच अधिकृत.
आमची भाषा त्या सहांत नाही.
ती मी करायची, शुक्रवारपर्यंत.

पहिल्याच पानावर अडले.
मृत्युदंड 'थांबवणे' की 'उठवणे' की 'नाहीसा करणे'?
थांबवलेला ट्रक पुन्हा सुरू होतो.
उठवलेला तंबू पलीकडच्या कुरणात पडतो,
माझे आजोबा वर्षातून चारदा तेच करायचे.
आणि नाहीसं करणं?
त्याचा सराव सरकारला आहे.

सेरेन्ल्हाम मागच्या बाकावर बसली आहे,
हातमोजे न काढता.
तिच्या भावाला गोळी घातली, हे तिला कळलं
त्याचे बूट पोस्टाने परत आले तेव्हा.
तारीख गुपित. जागा गुपित.
बुटांच्या नाड्या मात्र कुणीतरी
नीट गुंडाळून आत ठेवल्या होत्या.

तिच्यापासून चार खुर्च्या सोडून दुलमा.
तिचा मुलगा टॅक्सी चालवायचा.
दावाझाव, म्हणजे सेरेन्ल्हामचा भाऊ,
त्याच्या गाडीत मागे बसला होता.
चार खुर्च्या. मध्ये कुणी बसत नाही.

जिनिव्हाहून आलेल्या डॉक्टर वेनिंगर
आकडे सांगतात, मी ते उतरवते:
किती देशांनी सही केली, कुठे गुन्हे वाढले नाहीत.
दुलमा हात वर करते.
"लोक विचारतात, फिटंफाट झाली का.
नाही झाली.
पण तुमच्या सहीने तरी कुठे होणार आहे?"
मी 'फिटंफाट'ला शब्द शोधत राहते.
डॉक्टर वेनिंगर पेन खाली ठेवतात.
माझ्याकडे नुसता हिशेबाचा शब्द आहे,
तोच देते.

मग खासदार मोंखऑर्गिल,
चष्मा कपाळावर, बोट शेवटच्या पानावर:
"यात बाहेर पडायचं कलमच नाही!
उद्या देशाचं मत बदललं तर?
एकदा केलं की केलं? मागे फिरताच येत नाही?
असली गोष्ट कुणी शहाणा माणूस करेल का?"

आणि सेरेन्ल्हाम हसली.

मोठ्याने नाही. नाकातून, जसं
चहात मीठ दुप्पट पडल्यावर हसू येतं.
खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.
सचिवाने इतिवृत्तात काय लिहायचं
म्हणून माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. हसणं माझ्या कामात येत नाही.

खासदारांचा चष्मा घसरून नाकावर आला.
त्यांनी प्रश्न मागे घेतला नाही,
पुन्हा विचारलाही नाही.

त्यानंतर युद्धकाळाचा अपवाद,
राखून ठेवायचे अधिकार, कुणी कुठे टिपण द्यायचं.
खिडकीबाहेर कोळशाच्या धुरात
तीन वाजताच संध्याकाळ.
लोक कोट शोधू लागले तेव्हा दुलमा उठली,
त्या चार खुर्च्यांपैकी एकीवर हात टेकून उभी राहिली.
"मी हो म्हणणार नाही," ती म्हणाली.
"माझ्याकडून ते मागू नका.
पण माझ्या पोराला मी टेकडीवर जाऊन भेटते,
दगडावर दूध शिंपडते, त्याला चार शब्द सुनावते.
हिला सांगा, हिचा कुठे आहे."

सेरेन्ल्हामने तिच्याकडे पाहिलं नाही.
फक्त एक हातमोजा काढला.

रात्री मी अकराही कलमं पुन्हा वाचली.
जागा सांगण्याबद्दल
त्यांत काही नाही.
जिवंत माणसांसाठी केलेला कागद आहे तो,
त्याला तरी दोष काय द्यायचा.

जुन्या उभ्या लिपीत, आजोबांनी शिकवलेल्या,
समासात मी एकच ओळ लिहिली, वरून खाली:
कुठे?
ती अधिकृत नाही.
शुक्रवारी द्यायच्या प्रतीत ती खोडायला हवी.
खोडरबर टेबलावर आहे.

पहिल्या पानावर मात्र मी 'नाहीसा करणे' लिहिलंय.
तेवढं राहू दे म्हणते.